पाचोडला पाठ लागली होती

…नाही, पण मला एक सांगा, एकदा माणसाची पाठ मातीला लागली की पुढं कुस्ती उरतेच कुठं? संपली ना? फेटा बांधा, नारळ द्या, घरी जा! हे तुम्हाला कळतं, मला कळतं, आणि मी तर आयुष्यात कुणाला साधी कोपरखळीसुद्धा मारलेली नाही, तरी मला कळतं, कारण माझ्या डोक्यावर, म्हणजे अगदी डोक्यावर, आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आप्पासाहेब राहतात, आणि मी इथं राहायला आल्यापासून त्यांच्याकडून एकच वाक्य ऐकत आलोय. पाणी का आलं नाही म्हणून विचारायला जावं, तर पाण्यावरून गाडी पाचोडला. गणपतीची वर्गणी मागायला जावं, तर गणपतीवरून गाडी पाचोडला. आणि शेवट ठरलेला, खुर्चीच्या दांड्यावर थाप मारून, "पाठ लागली होती, भाऊ. पाठ लागली होती!"

आता पाचोडला काय झालं ते तुम्हाला सांगतो, सांगावंच लागेल, मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत उठवलंत तरी सांगेन. आप्पासाहेब मूळ कन्नड तालुक्यातले, घरची शेती, पण अंगात रग, म्हणून घरच्यांनी इथं छावणीतल्या तालमीत आणून टाकलं. तिथं भेटला जब्बार. वय एक, वजन एक, वस्ताद एक, आणि खुराकाचं दूध प्यायचं पातेलंसुद्धा एक! सकाळी दोघांनी एकमेकांना मातीत लोळवायचं आणि दुपारी जब्बारच्या घरी जेवायचं. जब्बारची बायको जोहरा, आप्पा तिला भाभी म्हणायचे, ती म्हणे भाकऱ्या थापायची आणि म्हणायची, "तुम दोनों के पेट में म्हैस बंधी है क्या?" असं सगळं छान चाललेलं.

आणि त्या तालमीचा एक नियम होता. वस्तादांनी घालून दिलेला, दुसरीकडं कुठं नव्हता. पाठ लागली की वरच्यानं लगेच सोडायचं, आणि पंचानं तोंड उघडायच्या आत खालच्यानं स्वतःच सांगायचं, "लागली." बस. एक शब्द. हरलेल्यानं बोलायचा. वस्ताद म्हणायचे, माती खोटं बोलत नाय, मग तुम्ही कशाला बोलता!

मग पाचोडची जत्रा आली. शेवटची कुस्ती, गदेची. समोरचा नावाजलेला पैलवान आलाच नाही, गाडी बंद पडली का पोट बिघडलं देव जाणे, लोक तर पत्र्यावर, झाडावर, ट्रॅक्टरवर चढून बसलेले. कमिटीनं काय करावं? हे दोघं छोट्या कुस्त्या मारून कडेला चणे खात बसले होते, त्यांनाच जोडून दिलं! मित्र-मित्र! हलगी कडाडली, हात मिळवले, माती लावली, आणि बऱ्याच झटापटीनंतर आप्पांनी जब्बारला ढाक लावली. उचलून टाकला. आणि पाठ लागली. आप्पांनी बघितली, डोळ्यांनी. पंच होता पलीकडच्या अंगाला, त्याला दिसली नाही. आप्पांनी काय केलं? नियमानं सोडला. उठून उभे राहिले, हात मोकळे सोडून, आता जब्बार म्हणणार "लागली"… आता म्हणणार… आणि जब्बार काही म्हणालाच नाही. तो उठला, आप्पांच्या पायात शिरला, आणि हे गाफील उभे, धाडकन आडवे! लोकांचा गलका, फेटे उडाले, गदा जब्बारला. आप्पा मातीत बसून म्हणतायत, "अरे, पाठ लागली होती," पण ऐकतो कोण?

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. तीस वर्षं! छावणी काय हो, आमच्या बिल्डिंगपासून रिक्षात बसलं की चहा निवायच्या आत येते. पण नाही. जोहराभाभी पुढं कितीतरी वर्षं ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवायची. आप्पांच्या मंडळी, सारजाबाई, डबा घ्यायच्या, खायच्या, रिकामा डबा कसा पाठवायचा म्हणून त्यात पुरणपोळ्या घालून परत द्यायच्या. आप्पा हात लावायचे नाहीत. वास मात्र घ्यायचे, हे सारजाबाईंनीच मला सांगितलं.

आणि चार वर्षांमागं जोहराभाभी गेली. निरोप आला. आप्पांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, निघाले. तासाभरानं परत. सारजाबाईंनी विचारलं, जाऊन आलात? तर म्हणाले, "लई गर्दी होती." गर्दी! अहो, जब्बारच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन माणूस परत फिरला होता! दोन दिवस नीट जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मी सहज वर गेलो तर मलाच ऐकवलं, पाठ लागली होती. पण त्या दिवशी खुर्चीवर थाप मारली नाही, एवढं मला आठवतं.

हं, तर गेम. मूळ मुद्दा टीव्हीवर खेळायच्या गेमचा आहे, मी भरकटलो. यंदा आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पैलवान माणूस घरात बसला म्हणजे काय होतं तुम्हाला कल्पना नाही! वॉकर आपटतोय, डॉक्टरला शिव्या देतोय, टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देतोय. त्यांचा मुलगा विश्वजीत, कंपनीत इंजिनिअर, त्यानं स्वतःसाठी म्हणून तो नवा गेम आणला. कुस्तीचा. नाव इंग्रजी आहे, लांबलचक, माझ्या तोंडात बसत नाही. तो म्हणे बाजारात यायच्या आधीपासून नाव नोंदवून वाट बघत होता. आणि गेम ज्या दिवशी घरी आला त्याच दिवशी कंपनीनं त्याला ट्रेनिंगला पुण्याला पिटाळलं! जाताना बिचारा पाळण्यातल्या लेकराकडं बघावं तसं त्या डबीकडं बघत म्हणाला, "आप्पा, तुम्ही तरी खेळून बघा. आल्यावर सांगा, पहिल्यांदा खेळून कसा वाटला."

आप्पा म्हणाले, त्यात काय बघायचं. आणि विश्वजीतची रिक्षा कोपऱ्यावर वळली नसेल तोच सुनेला म्हणाले, "तनुजा, लाव गं ते."

मला बोलावणं आलं. का? तर प्रेक्षक पाहिजे! मी गेलो. तर सुरुवातीलाच टीव्हीला जोडलेलं ते गेमचं यंत्र म्हणालं, थांबा, अपडेट चालू आहे. चहा झाला. अपडेट. पोहे झाले. अपडेट. आप्पा म्हणाले, एवढ्या वेळात आम्ही आखाडा खणून, माती चाळून, तेल-ताक टाकून तयार करत होतो. मग एकदाचा पडदा उघडला, आणि एक धिप्पाड गडी, कातडी पँट, गळ्यात साखळदंड, धुरातून चालत आला. चालतोय… चालतोय… फटाके फुटतायत… लोकांना हात दाखवतोय… मग हातात माईक घेतला आणि बोलायलाच लागला! आप्पा बघत राहिले. मग शांतपणे मला विचारलं, "भाऊ, हा पैलवान हाय का झेडपीला उभा राह्यलाय?"

तनुजा खरं तर बँकेत आहे, पण तुम्हाला सांगतो, त्या घरात गेम खेळावा तर तिनंच, विश्वजीत नुसता बढाया मारतो. ती म्हणाली, "आप्पा, ह्याच्यात आपला पैलवान आपण बनवू शकतो." झालं! आप्पा खुर्चीच्या कडेवर आले. मिशा? पन्नास प्रकारच्या मिशा! त्यातली एक पसंत पडेपर्यंत माझ्या पायाला मुंग्या आल्या. लंगोट? लंगोट नाही. शोधला, सगळीकडं शोधला, जगातले सगळे रंगीत पायजमे आहेत त्या गेममध्ये, पण लंगोट नाही. शेवटी पिवळी चड्डी. आणि कान! आप्पांचे दोन्ही कान मातीत घासून घासून मोडलेले, पैलवानाची ती खूण, हे कानाला हात लावून अभिमानानं दाखवतात. तनुजानं कान मोठे केले, छोटे केले, टोकदार केले, पण मोडायची सोय नाही. आप्पांना ते फार लागलं. म्हणाले, "ज्यानं हे बनवलं त्यानं कधी कुणाचं कान बघितलं न्हाईत."

मग समोर कोण पाहिजे, असं तिनं विचारलं. मी मनात म्हटलं, संपलं. गाडी पाचोडला.

"जब्बार लिही."

तनुजा लग्न होऊन आली तेव्हापासून हे नाव ऐकतेय, तिनं लगेच लिहिलं. दाढी ठेवू का? तेव्हा नव्हती. रंग? माझ्यासारखाच. उंची? आप्पा म्हणाले, "माझ्याहून दोन बोटं कमी." ती बटण दाबणार तेवढ्यात म्हणाले, "नाय… सारखीच ठिव."

सुरू होण्याआधी आप्पांनी चपला काढल्या, वॉकर धरून गॅलरीत गेले, तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली, तळहाताला चोळली, आणि त्या मातीच्या हातांनी तो गेमचा रिमोट धरला! दोन मिनिटांत एक बटण आत जाऊन बसलं ते वर येईना. तनुजानं केसातली पिन काढून माती उकरली. ती सून होती म्हणून निभावलं, तुम्हाला सांगतो, मुलगा असता तर बोंब मारली असती.

आणि कुस्ती लागली. पहिल्यांदा आप्पांचा पैलवान स्वतःभोवतीच फिरत होता. मग एकदा पंचालाच बुक्की मारली. मग दोरीत अडकला. पण हळूहळू, काय सांगू, त्या म्हाताऱ्या अंगठ्यांना काहीतरी उमगलं, आणि आप्पांनी त्या जब्बारला उचलला. वर धरला. आणि आपटला! पाठ टेकली! आप्पांनी ताबडतोब रिमोट टेबलावर ठेवला, हात मोकळे सोडले आणि पडद्याकडं बघत बसले. नियमानं! आता तो म्हणणार…

तो म्हणाला काहीच नाही. तो उठला, रिंगच्या खालून एक लोखंडी खुर्ची काढली आणि आप्पांच्या पिवळ्या चड्डीवाल्याच्या टाळक्यात घातली! आणि वर चढून बसला. वन, टू, थ्री. घंटा. जब्बार जिंकला. फटाके.

हसावं का रडावं मला कळेना. तीच कुस्ती! अगदी तीच! आप्पा लालबुंद. "पाठ लागली होती! अगं, तू बघितलंस, भाऊनं बघितलं, पाठ लागली होती!" पुन्हा लावली. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला, पुन्हा रिमोट टेबलावर. पुन्हा खुर्ची. तिसऱ्यांदा तर रिमोट ठेवायच्या आधी मीच ओरडलो, "आप्पा, धरून ठेवा!" तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चोरी करायला सांगतोय.

मग तनुजानं समजावून सांगितलं. "आप्पा, ह्याच्यात पाठ लागून संपत नाही. वरच्यानं तीन आकडे होईपर्यंत दाबून धरायचं. आणि खाली असतो ना, त्यानं तीनच्या आत बटण दाबत राहायचं. दाबलं की तो उठतो."

आप्पांनी विचारलं, पाठ लागलेली असताना? ती म्हणाली, हो. आप्पा म्हणाले, म्हणजे लबाडी. ती म्हणाली, "लबाडी कसली आप्पा, तो खेळच तसाय. आता तुम्ही खाली राहून बघा."

ह्या वेळी तिनं दुसरा रिमोट घेतला, ती झाली जब्बार. पोरीनं सासऱ्याला काडीची सवलत दिली नाही. उचलला, फिरवला, आपटला, वर बसली. वन… आप्पा स्थिर. नियमाचा माणूस! तोंड उघडलं, मला वाटलं "लागली" म्हणणार. टू… आणि तुम्हाला सांगतो, मी त्यांच्या शेजारी होतो, मी बघितलं, आप्पांचा अंगठा हलला. टक टक टक टक, नुसता नाचायला लागला बटणावर! पिवळी चड्डी उसळून उठली, तनुजाचा जब्बार उलथा, आप्पा वर, वन-टू-थ्री, घंटा, फटाके! तनुजानं टाळ्या वाजवल्या. सारजाबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आल्या. मीसुद्धा उठून उभा राहिलो.

आणि आप्पा? जिंकलेला माणूस! स्वतःच्या अंगठ्याकडं बघतायत. मग हळूच म्हणाले, "मी दाबलं नाय. आपसूक दाबलं गेलं."

तनुजा हसत म्हणाली, सगळ्यांचं तसंच होतं आप्पा. आप्पा हसले नाहीत. "हितं तर तीनच माणसं होती गं बघायला," एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन पडले. खाली गेल्यावर मी वाट बघत बसलो, आता थाप वाजेल, आता "पाठ लागली होती" ऐकू येईल. काही आलं नाही.

रविवारी सकाळी तनुजा माझ्या दारात. हातात भाजीची पिशवी, पिशवीत ते यंत्र, त्यावर झाकायला टॉवेल. आप्पांनी विचारलं होतं, हे भाजीच्या पिशवीत मावतं का? मावलं. मग आम्ही निघालो छावणीला, ती स्कूटीवर, मी आणि आप्पा रिक्षात. कोपरा आला. तोच कोपरा! आप्पा म्हणाले, "भाऊ, घरी असंल का नाय कुणास ठाऊक. पुढच्या रविवारी…" मी रिक्षावाल्याला म्हटलं, थांबू नका. आयुष्यात पहिल्यांदा मी आप्पांचं ऐकलं नाही.

दार जब्बारच्या मुलानं उघडलं, रय्याननं. त्याचं छावणीत मोबाईलचं दुकान आहे. त्यानं आप्पांकडं बघितलं, कानांकडं बघितलं, आणि काही न विचारता आत बघून म्हणाला, "अब्बा, आप्पाचाचा आये."

जब्बार पलंगावर बसलेले. तेच कान. पांढरी दाढी. आणि दोन्ही गुडघ्यांना पट्टे! दोघं एकमेकांच्या गुडघ्यांकडं बघत राहिले. तीस वर्षांनी माणूस सुरुवात करतो कुठून? आप्पांनी केली. म्हणाले, "नवा गेम आलाय. म्हटलं, दाखवावा."

हे! हे बोलले! तीस वर्षांनी!

जब्बार म्हणाले, "बैठ."

लावला. तनुजानं बटणं सांगितली, जब्बारना त्यातलं एक कळलं नाही, पडद्यावरच्या आपल्या बिनदाढीच्या रूपाकडं बघून म्हणाले, "ये मैं हूं? लंगोट कुठं हाय माझा?" आप्पा म्हणाले, लंगोट ठेवलाच नाय त्यांनी. मग दोघांनी मिळून गेमवाल्यांना अशा शिव्या दिल्या की मला जरा बरं वाटलं.

कुस्ती लागली. धड ना हे, धड ना ते, दोघं दोरीत अडकतायत. आणि मग कसं कोण जाणे, आप्पांनी उचलला. आपटला. पाठ लागली. आप्पांनी रिमोट ठेवला.

जब्बारनंही ठेवला. आणि पडद्याकडंच बघत म्हणाले, "लागली."

पडद्यावर तो बिनदाढीचा जब्बार आपोआप उठला, आणि दोघं समोरासमोर उभे, हात सोडून, नुसते श्वास घेत. कुणी बटणच दाबत नाही तर करणार काय? लोक तिकडं बोंबा मारतायत.

"पाचोडला बी लागली होती, आप्पा," जब्बार म्हणाले. "तोंड खोललं होतं मी. तेवढ्यात माणसांत अब्बा दिसले. त्यांनी कधीच कुस्ती बघितली नव्हती माझी, ते खुदा जाने कसे आले होते. उभे राहून हात वर करून बघत होते. मग मी उठलो."

आप्पा म्हणाले, "माझ्याकडून बी बटण दाबलं गेलं परवा." जब्बारना ते काय कळणार? पण त्यांनी मान हलवली. मग आप्पा म्हणाले, "भाभीच्या वक्ताला मी आलो नाय."

"कोपऱ्यापर्यंत आला होतास. रय्यानने देखा था." जब्बारनं चष्मा काढून पुसला. "मी म्हटलं, येईल. मी दार लावू दिलं नाही संध्याकाळपर्यंत."

तुम्हाला सांगतो, ह्यानंतर मला तिथं बसवेना. मी उगाच त्या यंत्राची वायर गुंडाळायला लागलो, ते चालू असतानाच.

रय्याननं शीरखुर्मा आणला. ईद नव्हती, काही नव्हतं, बाजारची शेवई, त्यानंच केलेला. आप्पांनी आधी वास घेतला. मग खाल्ला, वाटी निपटून. म्हणाले, चांगला झालाय. जब्बार म्हणाले, नाही झाला, तिच्यासारखा नाही होत.

परत येताना रिक्षात मी वाटच बघत होतो. कोपरा आला, गेला. शेवटी मीच म्हटलं, आप्पा, पाठ लागली होती तर! तुम्ही म्हणत होता तेच खरं! त्यांनी बाहेर बघत नुसती मान हलवली. तीस वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर तिळाएवढाही आनंद नाही. तेव्हापासून आमच्या वरच्या मजल्यावरून ते वाक्य आलेलं नाही. मला खरं म्हणजे सुटलो असं वाटायला पाहिजे. नाही वाटत.

आणि परवा विश्वजीत आला पुण्याहून. मी वरच होतो. बूट काढायच्या आधी पिशवीतून ते यंत्र काढलं, रिमोटच्या बटणातली माती बघून जरा दचकला, पण उत्साह दांडगा! त्यानं विचारलं, "मग आप्पा? खेळलात? पहिल्यांदा खेळून कसा वाटला?"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

"गेम चांगला हाय रं," म्हणाले. "लई उशिरा आला."